आमच्या घरचा हाली सिक्का

समोर बसलेले माझे जुने विद्यार्थी, आणि मागे दाराजवळ बसलेले, म्हणजे मध्येच उठून जायची सोय आधीच करून बसलेले मित्रहो,

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना लांबलेलं प्रास्ताविक आवडत नसे, असं संयोजकांनी मला दोनदा सांगितलं. इशारा कळला. म्हणून तुम्हाला थेट आमच्या स्वयंपाकघरात नेते.

घर मोठं होतं, भाकरी मोजक्या होत्या. अवेळी पाहुणा यायचा, पंगत बसायची. आजी चुलीपुढून टोपल्यात एकदा नजर टाकायची आणि कुणाकडेही न बघता म्हणायची, "उधानू." की आम्ही पोरं शहाण्यासारखी "पोट भरलं" म्हणत ताटावरून उठायचो. पाहुण्याला वाटायचं, म्हातारी देवाचं नाव घेतेय.

उधानू म्हणजे तीन. टोपल्यात तीन भाकरी उरल्या आहेत, आता हात आवरा, एवढाच त्याचा अर्थ.

हा शब्द आजीचा नव्हे. माझे आजोबा जालन्याला आडतीवर मुनीम होते. 'जालना सोने का पालना' असं ज्या गावाबद्दल म्हणत, तिथे सोन्याच्या पाळण्यात झोपणारे वेगळे आणि पाळण्याचा हिशेब लिहिणारे वेगळे. आजोबा दुसऱ्या जातकुळीतले. व्यापारी आणि दलाल गिऱ्हाइकासमोर आपसांत भाव बोलायला एक गुप्त बोली वापरत. तिला नंदभाषा म्हणतात. केवली म्हणजे एक, आवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. गुरांच्या बाजारात हातावर रुमाल टाकून बोटं दाबत सौदा करायचा, तसाच हा तोंडी रुमाल. आजोबांनी तो आडतीवरून घरी आणला आणि आजीने तो टोपल्यावर टाकला. बाजारात जो शब्द गिऱ्हाइकापासून भाव लपवायचा, तो आमच्याकडे पाहुण्यापासून अडचण लपवू लागला.

गंमत पुढे आहे. आईच्या काळात भाकरी पुरेशा झाल्या, मग तीनचा आकडा गळून पडला. महिनाअखेर आली की आई म्हणायची, "आता उधानू आहे, सिनेमा पहिल्या तारखेनंतर." माझ्या धाकट्या भावाला तर कित्येक वर्षं वाटत होतं, की हा शब्द 'उधार'वरून आला. त्याची व्युत्पत्ती साफ चुकीची होती. पण त्याने तो शब्द एकदा तरी चुकीच्या जागी वापरला का? कधीच नाही.

आज मला तीन-चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्यातली पहिली इथूनच निघते.

कोशातला शब्द अर्थावर उभा असतो. घरातला शब्द प्रसंगावर उभा असतो. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत आला. अशा कोशात तुम्हाला शब्द सापडेल, त्याचं लिंग सापडेल, मूळ सापडेल. पण टोपलं सापडेल का? आजीची ती न बघता बघणारी नजर सापडेल?

तुम्ही म्हणाल, मग ही सांकेतिक भाषाच झाली. नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. त्या गोदाकाठाशी ज्यांचं जुनं नातं, त्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या गुप्त लिप्यांमध्ये जपले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली आणि मराठीचा केवढा खजिना उघडा झाला. तुम्ही-आम्ही लहानपणी शब्दाशब्दाला 'च' चिकटवून बोलायचो, तीही कुलूप घातलेली भाषाच; मोठी माणसं एका दुपारी ते कुलूप उघडायची. कुलूप आहे म्हटल्यावर किल्ली असतेच. घरातल्या शब्दाला मात्र कुलूपच नसतं. दार सताड उघडं असतं, आणि तरी बाहेरच्याला आत काही दिसत नाही. कारण तो त्या दिवशी तिथे नव्हता!

इटलीत नतालिया गिन्झबुर्ग नावाची लेखिका होऊन गेली. १९६३ साली तिने आपल्या कुटुंबाची गोष्ट लिहिली आणि पुस्तकाचं नावच ठेवलं 'कुटुंबाचा शब्दसंग्रह'. फॅसिझमचा काळ, युद्ध, पांगापांग. आणि या सगळ्यात भावंडांना बांधून ठेवणारी काही ठरावीक वाक्यं, वडिलांची ओरडण्याची, आईची पुन्हा पुन्हा सांगण्याची. काळोख्या गुहेत लाखो माणसांत उभं केलं, तरी त्यातल्या एका वाक्यावरून आम्ही भावंडं एकमेकांना ओळखू, अशा आशयाचं ती लिहिते. ते वाचलं तेव्हा मला वाटलं, गुहा म्हणजे आपल्याकडे वेरूळच की. दहाव्या लेण्यात जाऊन मी "उधानू" म्हटलं, तर हजार प्रवासी ढिम्म हलणार नाहीत. एकटी माझी बहीण डबा झाकून ठेवेल.

आता दुसरी गोष्ट. घर हे शब्द आणतं कुठून?

आपल्या शहराकडे बघा. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं तेव्हा ते खडकी. मग फतेहनगर. मग औरंगाबाद. २०२३ पासून सरकारी कागदावर छत्रपती संभाजीनगर. एका गावाला एवढी नावं. आणि आमच्या सिडकोतली माणसं जुन्या भागातल्या गुलमंडीला निघाली की काय म्हणतात? "जरा शहरात जाऊन येतो." म्हणजे सिडको जंगलात आहे! पाट्या कितीदाही बदलोत, घराला त्या गावासाठी 'शहर' एवढं पुरतं.

हे शहर निजामाच्या राज्यात होतं, आणि तिथे १८८४ पासून दरबारची भाषा उर्दू झाली. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, ते उर्दूतून शिकवणारं. माझे वडील त्या राज्यात शाळेत गेले. घरी मराठी, देवघरात संस्कृत आणि पाटीवर उर्दू. बेरीज म्हणजे जमा, वजाबाकी म्हणजे तफरीक, गुणाकार जर्ब, भागाकार तक्सीम. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. वडील त्या दिवसाबद्दल भरभरून बोलत. तो त्यांच्या तारुण्यातला सर्वांत मोठा दिवस होता. राज्य गेलं, रझाकारांची दहशत गेली. पण गणित? गणित घरातच राहिलं. बर्फीचा पुडा आला की वडील सुरी घेऊन बसायचे, "चला, तक्सीम करू." रुसून कोपऱ्यात बसलेलं पोर दिसलं की विचारायचे, "हे का तफरीक झालं?" ज्या सत्तेविरुद्ध ते मनातून उभे होते, तिच्याच पाटीवरचा शब्द त्यांनी बर्फी वाटायला ठेवून घेतला. मला यात विसंगती दिसत नाही. सत्तेला हाकलता येतं. बालपण कुठे हाकलणार?

आणि त्याच राज्याचं एक नाणं होतं, हाली सिक्का. ब्रिटिश हिंदुस्थानातला रुपया तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. हाली निजामाच्या हद्दीत चालायचा, हद्दीबाहेर गेलं की बदलून घ्यायचा. १९५० मध्ये भारतीय रुपया शेजारी आला, पुढच्या वर्षी हाली नव्याने काढणं थांबलं, आणि १९५९ मध्ये तो कायमचा बाद झाला. आमच्या घरात मात्र तो बाद झाला नाही. पुण्याच्या नातेवाइकांकडे लग्नाला निघालो की वडील दारातच बजावायचे, "पोरींनो, तिथे कलदार बोला. घरी हाली चालेल."

श्रोतेहो, माझ्या आजच्या सगळ्या भाषणाला याहून नेमकं वाक्य मला सुचलेलं नाही. घरातली भाषा म्हणजे हाली सिक्का. हद्दीबाहेर तो कुणी घेणार नाही. पण म्हणून तो खोटा आहे का? हद्दीत त्याने मीठ येतं, मिरची येते, रुसलेलं माणूस परत येतं.

या नाण्यात धातू कुठला, तेही बघू. आपल्या शहरातला दखनी बोलणारा माणूस 'नक्को' म्हणतो, तो नकार मराठीचा. 'मैंच', 'ऐसाच' म्हणतो, तो 'च' मराठीचा. आणि आपण? आपण परेशान होतो, खामखा भांडतो, दस्तीला तोंड पुसतो. पैठणच्या एकनाथांनी 'हिंदु-तुर्क संवाद' लिहिला, त्यात एकाचं बोलणं मराठीत आणि दुसऱ्याचं दखनीत. भांडण कडाक्याचं, पण दोघांपैकी कुणालाही दुभाषा लागत नाही! उर्दूचे थोर पंडित मौलवी अब्दुल हक यांनी दोन दशकांहून अधिक काळ याच शहरातून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं काम चालवलं, आणि मराठीवर फारसीचा किती परिणाम झाला यावर पुस्तक लिहिलं. तिकडे माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला. दोन टोकांनी दोन माणसं एकच गाठ सोडवत होती.

इथे कुणीतरी हात वर करणार, मला दिसतंय. "बाई, मग राज्यव्यवहारकोशाचं काय?" बरोबर आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी तो कोश केला, दरबारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्य उभं करणाऱ्याला आपल्या कारभाराची भाषा घडवावीच लागते, तिच्यात स्वत्व असतं. पण तो दरबाराचा कोश होता. त्याने कुणाच्या माजघरात शिरून 'ही बर्फी विभाजित करा' असं सांगितलं नाही. दरबाराची भाषा ठरवून घडते, घराची भाषा सांडून-लवंडून घडते. दोन्हींना एकच फूटपट्टी लावू नका, एवढंच माझं म्हणणं.

तिसरी गोष्ट बायकांची. ती सांगायला मी बाईच बरी.

घराचा शब्दसंग्रह वाढवला कुणी? बापजाद्यांनी? मुळीच नाही. बाहेरून आलेल्या सुनांनी. प्रत्येक सून एक ट्रंक घेऊन येते, आणि ट्रंकेत न मावणारी बोली तोंडात घेऊन येते. आमच्या आजीकडे भाजीला माळवं म्हणत. आईच्या माहेरी कोरड्यास. एक काकू नांदेडकडची, तिने येताना सुशीला आणली. पुण्याच्या पाहुण्यांना तिने प्रेमाने विचारलं, "थोडी सुशीला खाणार का?" पाहुणे दचकले. मुरमुऱ्यांची बशी समोर येईपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे कुणी विनाकारण घाबरलं की आम्ही म्हणतो, "अहो, सुशीलाच आहे."

पण बायकांच्या या शब्दांमागे निव्वळ हौस नव्हती. धाकही होता. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं घ्यायचं नाही. नावात जो शब्द असेल तोही टाळायचा. आमच्या पणजीच्या सासऱ्यांचं नाव तुळशीराम. म्हणजे तुळस म्हणायची चोरी! तिने अंगणातल्या तुळशीला 'हिरवीबाई' नाव दिलं. आज चौथ्या पिढीत बाल्कनीतल्या कुंडीत आमची हिरवीबाई आहे. सून मुकी राहू नये म्हणून तिने जो शब्द केला, तो सगळ्या घराच्या तोंडी बसला, आणि ज्या बंदीमुळे तो करावा लागला ती बंदी सगळे विसरले. असेच ते अशुभाचं तोंड चुकवणारे शब्द. बांगडी फुटत नाही, वाढवते. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. रात्री सापाचं नाव नाही, 'लांबडं' म्हणायचं. जाताना 'येते' म्हणायचं. हे तर घरोघरचे. त्यांच्यावर फार बोलत नाही, तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहेत.

मग १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला, पाठोपाठ आणखी कारखाने आले, आणि घरात नवी ट्रंक उघडली. आमच्या शेजारच्या घरात तीन भाऊ तीन कंपन्यांत. त्या घरात 'सकाळ-दुपार-रात्र' गेली आणि 'फर्स्ट-सेकंड-नाईट' आली. शेजारीणबाई पंढरपूरच्या बाजूच्या, इंग्रजीचा गंध नाही. करपलेली पोळी बाजूला ठेवताना म्हणायच्या, "ही रिजेक्शन." मीठ कमी पडलेली आमटी परत गॅसवर, "रिवर्क आहे." पोराला खेळायला जायचं तर गेटपास लागायचा. मी भाषेची शिक्षिका, मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की बाईंनी कारखान्याला आपल्या स्वयंपाकघरात कामाला लावलं आहे. तिथे नवरा ज्या शब्दांना दबून असायचा, त्या शब्दांवर इथे बाईंची हुकमत होती. आज नातवंडं मोबाइलमधून शब्द आणतात. आजोबांनी आडतीतून आणला, वडिलांनी पाटीवरून, शेजाऱ्यांनी वाळूजहून. वाट बदलली, आणायची खोड तीच.

इथपर्यंत सगळं गोड झालं. आता चौथी गोष्ट, आणि ती गोड नाही.

घरातले सगळे शब्द मायेचे असतात का? काळ्या मुलीला 'काळुंद्री' म्हणून हाक मारणारं घरच असतं. अडखळणाऱ्या पोराची नक्कल करून त्याचंच टोपणनाव पाडणारं घरच असतं. तिसरी-चौथी मुलगी झाली म्हणून तिला 'नकुसा' म्हणणारं घरच होतं. घरातला तो उद्गार पुढे शाळेच्या पटावर गेला, शिधापत्रिकेवर गेला. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. विचार करा. स्वतःचं नाव विचारलं की जिला रोज उत्तर द्यावं लागत होतं, 'मी नको होते', तिला घरच्या शब्दांचं कौतुक आपण कोणत्या तोंडाने सांगणार? घराने चालवलेलं प्रत्येक नाणं खरं नसतं. काही नाणी घरानेच बाद करायची असतात, आणि त्यासाठी अशा समारंभाची वाट बघायची नसते.

दुसरी जखम मीच केलेली. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. सातवीच्या एका मुलाने निबंधात लिहिलं, 'आई रडत होती, मी विचारलं कामून रडतीस.' मी 'कामून'वर लाल रेघ मारली, वर 'का' लिहिलं आणि गुण कापला. घरी येऊन मी स्वतः माझ्या आईला विचारलं, "कामून गं, एवढा उशीर स्वयंपाकाला?" आणि थांबले. त्या मुलाने घरातलं रडणं माझ्या हातावर ठेवलं होतं, आणि मी त्याच्याकडे कलदार मागितले होते. पुढे तो निबंधात छापील मराठी लिहू लागला. गुण चांगले पडायचे. पण त्याच्या निबंधात आई पुन्हा कधी रडली नाही.

नंतर मला कळत गेलं की हे शहर माझ्या लाल रेघेच्या पुढे निघून गेलं होतं. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथे मिलिंद महाविद्यालय उभारलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' इथून निघू लागलं. जी बोली वर्गात बोलायची पोरांना लाज वाटावी अशी व्यवस्था होती, ती बोली ताठ मानेने छापली गेली. रा. रं. बोराड्यांच्या 'पाचोळा'ने एका शिंप्याच्या बायकोला तिच्याच तोंडच्या मराठवाडी मराठीत सगळी कादंबरी सांगू दिली. हाली सिक्का हद्दीबाहेर चालला तो असा. कुणी मेहेरबानीने बदलून दिला म्हणून नव्हे. त्याचं वजनच तेवढं होतं म्हणून.

आता आवरतं घेते. दाराजवळच्या मंडळींनी चपला शोधायला हरकत नाही.

काय काय सांगितलं मी? घरातला शब्द प्रसंगावर उभा असतो. घर शब्द कुठूनही उचलतं, पाटीवरून, पेढीवरून, कारखान्यातून, शत्रूच्या दरबारातून. बाहेरून आलेल्या बायकांनी तो वाढवला, कधी हौसेने, कधी धाकापोटी. आणि तो दुखवूही शकतो. मग करायचं काय? कोश करायचा का? कराच, मी नाही म्हणत नाही. घरी जाऊन वहीत दहा शब्द लिहा. पण शब्दापुढे अर्थ लिहू नका. कोण बोललं, कुणाला, टोपल्यात काय होतं, ते लिहा. आणि हे काम उद्यावर टाकू नका. वडील गेल्यावर आमच्या घरात 'तफरीक' कुणी म्हणेना. मी एकदा म्हणून बघितलं. समोर सगळी तरुण मंडळी, एकाने अदबीने विचारलं, "आत्या, म्हणजे?" मी अर्थ सांगितला. अर्थ त्याला कळला. शब्द मात्र पोचला नाही.

तरी निराश होऊन थांबत नाही, कारण गेल्या महिन्यातलीच एक गोष्ट आहे. माझा नातू पुण्याला शिकतो. रात्री मी त्याला व्हिडिओ कॉल केला. त्याने तो कापला आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं, "आजी, डेटा उधानू आहे. साधा फोन कर."

मी साधा फोन केला. विचारलं, "अरे, उधानू म्हणजे काय, माहीत आहे का?" म्हणाला, "संपत आलंय, जपून वापरा. आई म्हणते ना." मग मी त्याला जालन्याची आडत सांगितली, केवली-आवारू सांगितलं, टोपलं सांगितलं, आजीची नजर सांगितली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

मग त्याने विचारलं, "पण आजी, तुम्ही सगळे उठल्यावर त्या तीन भाकरी कोण खायचं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या मनात आला नव्हता. पाहुणा दोन खायचा. उरलेली एक आजोबांच्या ताटात जायची. आणि आजी? मी आठवून पाहिलं. आजी जेवताना मला आठवलीच नाही.

बघा, शब्द माझ्याकडे साठ वर्षं होता. त्यातला प्रसंग मी नातवाला द्यायला गेले, आणि मोड त्यानेच मला परत दिली.